चहाला मनाई, रात्री बारानंतर पाहुण्यांना मनाई: ख्रिस्ती विद्यापीठांच्या हॉलमध्ये राहणं म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो नावाचं शहर आहे. तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकायचं, तर आधी एक आचारसंहिता मान्य करावी लागते. दारू नाही, सिगारेट नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत, मुलांनी परवानगीशिवाय दाढी वाढवायची नाही. आणि हो, चहा-कॉफीही नाही.

इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठात मात्र चहा-कॉफी हवी तितकी मिळते. वयाची २१ वर्षं पूर्ण असतील तर बिअरही चालते. पण आठवड्यातल्या साध्या दिवशी रात्रीचे बारा वाजले की मुलींच्या हॉलमध्ये आलेल्या मुलांना आणि मुलांच्या हॉलमध्ये आलेल्या मुलींना निघावं लागतं.

दोन्ही विद्यापीठं नामांकित आहेत. दोन्हीकडे हजारो मुलं-मुली स्वतःहून अर्ज करतात. मग २१व्या शतकात, तेही अमेरिकेत, कॉलेजातली मुलं असे नियम का मान्य करतात? त्यांना यातून काय मिळतं? आणि हेच नियम कधी अंगाशी येतात?

हॉल आणि हॉस्टेल यात फरक काय?

आपल्याकडे हॉस्टेल म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते राहण्या-झोपण्याचं ठिकाण. कॉट, कपाट, मेस, पाण्याची वेळ आणि रेक्टर. शिक्षण कॉलेजात होतं, हॉस्टेल फक्त सोय असते.

ख्रिस्ती विद्यापीठांच्या 'रेसिडेन्स हॉल'मागची कल्पना वेगळी आहे. माणूस घडतो तो फक्त वर्गात नाही. तो कोणासोबत जेवतो, कोणाशी भांडतो, आजारी पडल्यावर त्याच्याकडे कोण बघतं, यातूनही घडतो, असं ही विद्यापीठं मानतात. म्हणजे हॉल हा शिक्षणाचाच भाग. म्हणूनच तिथे कसं राहायचं, हे ठरवण्याचा हक्कही विद्यापीठ स्वतःकडे घेतं.

या कल्पनेचं मूळ मध्ययुगीन युरोपात सापडतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची जुनी कॉलेजं म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थ्यांची एकत्र राहण्या-जेवण्याची आणि प्रार्थनेची घरंच होती. प्रत्येक कॉलेजचं स्वतःचं चॅपेल असायचं. तिथल्या बहुतेक अध्यापकांना १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लग्न करण्याचीही मुभा नव्हती. ब्रिटिश संसदेने १८७१ मध्ये कायदा करून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम विद्यापीठांमधल्या बहुतेक धार्मिक अटी काढून टाकल्या.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. आज ज्यांना आपण पूर्णपणे सेक्युलर समजतो त्या हार्वर्ड आणि येलच्या स्थापनेमागे धर्मोपदेशक तयार करणं हा एक मोठा उद्देश होता. हार्वर्डने चॅपेलची सक्ती १८८६ मध्ये काढली, येलने १९२६ मध्ये. बाकीची विद्यापीठं हळूहळू या वाटेने गेली. काही मात्र थांबली, आणि त्यांनी ठरवून थांबायचं ठरवलं. त्यातलं सगळ्यात ठळक नाव नोटर डेम.

नोटर डेम: जिथे हॉल हीच ओळख

एडवर्ड सोरिन या फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंनी २६ नोव्हेंबर १८४२ रोजी या संस्थेची सुरुवात केली. ते 'होली क्रॉस' या धर्मसंघाचे होते. हा संघ आजही विद्यापीठाशी जोडलेला आहे.

सुरुवातीच्या काळात विद्यार्थी मुख्य इमारतीतल्या मोठ्या सामायिक दालनांमध्ये झोपत. एप्रिल १८७९ मध्ये मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. काही महिन्यांतच नवी इमारत उभी राहिली आणि वर्ग पुन्हा सुरू झाले. पुढे १८८९ मध्ये सोरिन हॉल सुरू झाला. इथे विद्यार्थ्यांना स्वतंत्र खोल्या मिळाल्या. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांमधला असा हा पहिला हॉल मानला जातो.

आज तिथे तीसहून जास्त हॉल आहेत. प्रत्येक हॉल एकतर मुलांचा किंवा मुलींचा. एकत्र हॉल नाहीत. विद्यापीठात मुलींना पदवी अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये. तेव्हा बेडिन आणि वॉल्श हे मुलांचे दोन हॉल रिकामे करून मुलींना देण्यात आले. त्या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष होते फादर थिओडोर हेसबर्ग. १९५२ ते १९८७ अशी ३५ वर्षं त्यांनी हे पद सांभाळलं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. अमेरिकन सिनेमांमध्ये दिसणारी 'फ्रॅटर्निटी' आणि 'सोरोरिटी', म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची मुलामुलींची मंडळं, नोटर डेममध्ये नाहीत. त्यांची जागा हॉलने घेतली आहे. तिथल्या विद्यार्थ्याला 'तू कोण?' विचारलं की शाखेच्या आधी हॉलचं नाव येतं.

खोली कशी मिळते? कोणासोबत?

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हॉल निवडता येत नाही. विद्यापीठ देईल तो हॉल, देईल तो रूममेट. खेळाडूंचा वेगळा हॉल, हुशार मुलांचा वेगळा हॉल किंवा फक्त पहिल्या वर्षाचा हॉल असा प्रकार नाही. फुटबॉल संघातला खेळाडू, संगीत शिकणारा मुलगा आणि इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एकाच मजल्यावर भेटतात. पहिल्या वर्षाच्या शेजारी शेवटच्या वर्षाचा.

आणि बहुतेक जण एकदा मिळालेल्या हॉलमध्येच पुढची वर्षं काढतात. २०१८ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून विद्यापीठाने सहा सत्रं, म्हणजे तीन वर्षं, कॅम्पसवर राहणं बंधनकारक केलं. मोठी मुलं बाहेर भाड्याने राहायला गेली की हॉलची घडी विस्कटते, हा त्यामागचा विचार.

प्रत्येक हॉलमध्ये एक रेक्टर असतो. हा शब्द महाराष्ट्रातल्या हॉस्टेलमध्ये राहिलेल्या कोणालाही नवा नाही. पण इथला रेक्टर ऑफिसातून चक्कर मारून जाणारा नसतो. तो किंवा ती त्याच इमारतीत राहते. रेक्टर धर्मगुरू असू शकतो, ब्रदर किंवा सिस्टर असू शकते, किंवा साधी गृहस्थ व्यक्तीही. त्यांच्या हाताखाली सहायक रेक्टर असतात, बहुतेकदा पदव्युत्तर शिक्षण घेणारे. शिवाय प्रत्येक मजल्यावर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी 'रेसिडेंट असिस्टंट' म्हणून असतात. नव्या मुलाला घरची आठवण आली, कोणी नापास झालं, कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर पहिली हाक यांनाच जाते.

हॉलचा झेंडा असतो, रंग असतो, वर्षभराचे कार्यक्रम असतात. कीनन हॉलची मुलं दरवर्षी विनोदी प्रहसनांचा मोठा कार्यक्रम करतात. फिशर हॉलची मुलं तळ्यात घरगुती बनावटीच्या होड्यांची शर्यत भरवतात. हॉल विरुद्ध हॉल असे फुटबॉल सामने होतात. पुण्या-मुंबईतल्या एकांकिका स्पर्धेत कॉलेजच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांना ही भावना समजावून सांगायची गरज नाही.

पण घट्ट गटाची दुसरी बाजूही असते. मार्च २०२१ मध्ये विद्यापीठाने 'झाम' हा मुलांचा हॉल एक समूह म्हणून बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तिथल्या वागण्याच्या संस्कृतीबद्दल सतत तक्रारी असल्याचं कारण देण्यात आलं. राहणाऱ्या मुलांना इतर हॉलमध्ये विखुरण्यात आलं. अनेक दशकांची परंपरा असलेला हॉल गेल्याने आजी-माजी विद्यार्थी प्रचंड नाराज झाले. जो समूह माणसाला आधार देतो, तोच वाईट सवयीही एका पिढीकडून दुसरीकडे पोहोचवू शकतो, हे यात दिसलं.

'पॅरायटल्स' काय भानगड आहे?

नोटर डेममधला सगळ्यात जास्त चर्चेतला नियम म्हणजे 'पॅरायटल्स'. दुसऱ्या लिंगाच्या पाहुण्यांनी हॉलच्या खोल्यांमध्ये कधी थांबायचं, याच्या वेळा. सकाळपासून रात्री बारापर्यंत परवानगी. शुक्रवारी आणि शनिवारी ती रात्री दोनपर्यंत.

हा नियम वाचून आपल्याला लगेच हॉस्टेलचा 'इन-टाइम' आठवतो. पण दोन्हींत मोठा फरक आहे. नोटर डेमचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी स्वतःच्या हॉलमध्ये रात्री तीन वाजता परत आली, तरी चालतं. गेट बंद होत नाही, घरी फोन जात नाही. बंधन आहे ते पाहुण्यावर. आणि मुलांच्या हॉललाही तोच नियम, मुलींच्या हॉललाही तोच.

भारतात चित्र अनेकदा उलटं असतं. मुलींच्या हॉस्टेलला रात्री आठ-नऊचा इन-टाइम, मुलांचं हॉस्टेल मात्र मोकळं. याच भेदभावाविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' ही मोहीम सुरू केली होती.

पॅरायटल्सचं समर्थन करणारे सांगतात की, त्यामुळे रूममेटला स्वतःच्या खोलीत निवांत झोपता येतं. 'माझी मैत्रीण आली आहे, तू जरा दुसरीकडे झोप' असं कोणी म्हणू शकत नाही. शिवाय हॉलमध्ये रात्रभर खुली असलेली सामायिक बैठकीची जागा असते, तिथे सगळ्यांना एकत्र बसता येतं.

विरोध करणारे विचारतात, १८ वर्षांवरच्या, मतदानाचा हक्क असलेल्या माणसाच्या खोलीत रात्री कोण बसलं आहे, हे विद्यापीठाने का ठरवावं? दुसरा मुद्दा असा की, हा नियम माणसांच्या नात्यांकडे फक्त मुलगा-मुलगी याच चौकटीतून पाहतो. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांचा विचार त्यात बसतच नाही.

नियमामागचं खरं कारण विद्यापीठ लपवत नाही. शरीरसंबंधांची जागा विवाहातच आहे, ही कॅथलिक चर्चची शिकवण विद्यापीठाच्या विद्यार्थी नियमावलीत स्पष्टपणे मांडलेली आहे.

प्रार्थनेची सक्ती असते का?

हे विद्यापीठागणिक बदलतं.

नोटर डेमच्या प्रत्येक हॉलमध्ये चॅपेल आहे. रविवारी रात्री आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी तिथे मिस्सा होते. अनेक विद्यार्थी रात्रीच्या कपड्यांत, चपला घालून खाली येतात आणि प्रार्थना झाली की तिथेच गप्पा मारत बसतात. सक्ती नाही. पण पदवीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, धर्मशास्त्राचे दोन विषय घ्यावेच लागतात. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण ८० टक्के कॅथलिक असतात.

पूर्वी इतकी मोकळीक नव्हती. १९६०च्या दशकापर्यंत तिथे सकाळची हजेरी होती आणि रात्री ठरलेल्या वेळी दिवे बंद व्हायचे. मुलांच्या विरोधामुळे आणि बदलत्या काळामुळे ते नियम गेले.

ब्रिगहॅम यंग विद्यापीठ 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चं आहे. या पंथाला मॉर्मन म्हणूनही ओळखतात. तो स्वतःला ख्रिस्तीच मानतो, पण इतर अनेक ख्रिस्ती पंथांना ते मान्य नाही. इथले जवळपास सगळे विद्यार्थी याच चर्चचे असतात. इतरांना प्रवेश मिळतो, मात्र त्यांची फी साधारण दुप्पट असते. शिवाय विद्यार्थ्याचं वागणं नियमांना धरून आहे, असा दाखला त्याच्या धर्मगुरूकडून वेळोवेळी घ्यावा लागतो. दुसऱ्या धर्माच्या विद्यार्थ्यालाही हा दाखला लागतोच.

इथला नियम हॉलच्या दारापाशी संपत नाही. अविवाहित पदवी विद्यार्थी कॅम्पसबाहेर राहिला तरी त्याने विद्यापीठाशी करार असलेल्या घरातच राहावं, असा नियम अनेक वर्षं होता, आई-वडिलांसोबत राहण्यासारखे अपवाद सोडले तर. तिथेही दुसऱ्या लिंगाचा पाहुणा बैठकीच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात येऊ शकतो, झोपण्याच्या खोलीत नाही.

टेक्सासमधलं बेलर विद्यापीठ बॅप्टिस्ट पंथाचं. स्थापना १८४५. तिथे कॅम्पसवर नाचायला परवानगी मिळाली ती १९९६ मध्ये, म्हणजे तब्बल १५१ वर्षांनी. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजने नाचावरची बंदी २००३ मध्ये उठवली. ब्रिगहॅम यंगमध्ये कॅफिन असलेली कोला कॅम्पसवर विकायला सुरुवात झाली २०१७ मध्ये. नियम देवाच्या नावाने असले तरी ते दगडावरची रेघ नसतात, हे यावरून कळतं.

बाकीच्या विद्यापीठांत असे नियम नव्हते का?

होते. किंबहुना १९६०च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत होते.

विद्यापीठ म्हणजे आई-वडिलांच्या जागी असलेली संस्था, असं तेव्हा मानलं जायचं. यासाठी 'इन लोको पॅरेंटिस' ही लॅटिन संज्ञा वापरतात. मुलींना रात्री ठरलेल्या वेळेत परत यावं लागे, बाहेर जाताना वहीत नोंद करावी लागे. धर्माशी संबंध नसलेल्या सरकारी विद्यापीठांतही हेच चाले.

या समजाला तडा गेला तो नागरी हक्कांच्या लढ्यात. १९६० मध्ये अलाबामातल्या एका सरकारी कॉलेजने वर्णभेदाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना चौकशीशिवाय काढून टाकलं. प्रकरण न्यायालयात गेलं. 'डिक्सन विरुद्ध अलाबामा' या खटल्यात १९६१ मध्ये निकाल लागला: सरकारी कॉलेजला विद्यार्थ्यांना त्यांची बाजू मांडू न देता असं काढता येणार नाही. विद्यार्थी हा हक्क असलेला नागरिक आहे, हे या निकालाने अधोरेखित केलं. पुढच्या दशकभरात सरकारी विद्यापीठांतले इन-टाइम आणि पाहुण्यांचे नियम झपाट्याने गळून पडले.

खासगी विद्यापीठांना मात्र हा निकाल थेट लागू नव्हता. तिथे विद्यार्थी आणि विद्यापीठ यांचं नातं मुख्यतः कराराचं असतं. तुम्ही नियमावली मान्य केलीत, म्हणजे नियम मान्य केलेत. त्यामुळे ज्या ख्रिस्ती विद्यापीठांना हे नियम ठेवायचे होते, त्यांनी ठेवले.

नियम उलटतात तेव्हा

इथवर हा वाद आवडीनिवडीचा वाटू शकतो. नियम पटत नसतील तर दुसरं विद्यापीठ बघा, इतकं सोपं. पण काही प्रसंगी प्रश्न सुरक्षिततेचा होतो.

समजा, एखादी विद्यार्थिनी नियम मोडून रात्री मित्राच्या खोलीत थांबली आणि तिथे तिच्यावर अत्याचार झाला. तक्रार करायची तर आधी सांगावं लागणार की, मी त्या वेळी तिथे होते. म्हणजे तक्रार करताना स्वतःचा 'गुन्हा' कबूल करायचा. अशा वेळी किती जणी पुढे येतील?

ब्रिगहॅम यंगमध्ये २०१६ मध्ये हेच समोर आलं. लैंगिक अत्याचाराची तक्रार केल्यावर आपलीच आचारसंहितेखाली चौकशी झाली, असं विद्यार्थिनींनी जाहीरपणे सांगितलं. 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' या दैनिकाने हा विषय लावून धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाने जाहीर केलं की, अत्याचाराची तक्रार करणाऱ्या व्यक्तीवर त्या घटनेच्या संदर्भातल्या आचारसंहितेच्या उल्लंघनासाठी कारवाई होणार नाही. या वार्तांकनासाठी 'ट्रिब्यून'ला २०१७ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाचं. धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी ते १९७१ मध्ये स्थापन केलं. तिथल्या आचारसंहितेचं नाव 'द लिबर्टी वे'. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड केला. कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती नीट न देणं आणि पीडितांना पुरेशी मदत न करणं, असे ठपके होते. आचारसंहितेखाली आपल्यालाच शिक्षा होईल या भीतीने पीडित तक्रार करायला कचरत होते, असंही तपासात नोंदवण्यात आलं. या कायद्याखालचा हा तोवरचा सगळ्यात मोठा दंड.

हा कायदा म्हणजे १९९० चा 'क्लेरी कायदा'. त्याचा जन्मच एका हॉलमध्ये झालेल्या शोकांतिकेतून झाला. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या हॉलमधल्या खोलीत जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. तिच्या आई-वडिलांनी लढा दिला. आज सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी लागते.

नोटर डेमच्या धोरणातही असं आश्वासन आहे की, पॅरायटल्स किंवा दारूचा नियम मोडला होता म्हणून कोणी अत्याचाराची तक्रार करायला घाबरू नये. पण कागदावरचं आश्वासन मुलांपर्यंत पोहोचलं आहे का, आणि त्यांचा त्यावर विश्वास आहे का, यावर सगळं अवलंबून असतं. शिवाय रेक्टरची भूमिका दुहेरी असते. मन मोकळं करायलाही तोच आणि नियम मोडल्यावर जाब विचारायलाही तोच.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही

ख्रिस्ती व्यक्तीने चालवलेलं निवासी शिक्षण, धर्माची सक्ती नाही, पण धर्म दाराशीच. या पेचावर महाराष्ट्रात १३० वर्षांपूर्वी रणकंदन झालं होतं.

पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवा आणि निराधार मुलींनी तिथे राहून शिकावं, हा हेतू. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, सदनाला पैसाही अमेरिकेतून येत होता. पण सदनात धार्मिक बाबतीत तटस्थता राहील, हे कबूल केलेलं होतं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती.

रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. ही सक्ती की मुलींची स्वतःची इच्छा? टिळकांच्या 'केसरी'ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की, मी कोणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला दार बंदही करणार नाही.

नोटर डेमच्या हॉलमध्ये तळमजल्यावरच्या चॅपेलचं दार उघडं असतं, तेव्हा प्रश्न तोच असतो. फरक इतकाच की, तिथे राहणारी मुलं सज्ञान असतात आणि त्यांनी ते ठिकाण स्वतः निवडलेलं असतं.

आज भारतात याबाबत राज्यघटना स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. हे घटनेचं कलम २८(३). त्यामुळे भारतातल्या ख्रिस्ती कॉलेजचं हॉस्टेल आणि अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठाचा हॉल यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

अर्ज करायच्या आधी काय पाहावं?

महाराष्ट्रातून अमेरिकेत जाणारे अनेक जण मास्टर्ससाठी जातात. त्यांच्यावर हॉलचे नियम सहसा इतके कडक नसतात. नोटर डेममध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वेगळी अपार्टमेंट्स आहेत आणि बाहेर भाड्याने राहण्याचीही मुभा असते. पण बारावीनंतर थेट पदवीसाठी जायचं असेल, तर हे प्रश्न आधीच विचारलेले बरे:

• कॅम्पसवर किती वर्षं राहणं बंधनकारक आहे? मेसचे पैसे सक्तीने भरावे लागतात का? शाकाहारी जेवणाची सोय काय?

• प्रार्थना, चॅपेल किंवा धार्मिक सभेला हजेरी लागते का? धर्माचे विषय किती?

• नियम फक्त हॉलपुरते आहेत, की कॅम्पसबाहेर आणि सुट्टीतही लागू होतात?

• हिवाळ्याच्या सुट्टीत हॉल बंद होतो का? बंद होत असेल तर परदेशी विद्यार्थ्याने त्या दिवसांत कुठे राहायचं?

• रूममेटशी पटलं नाही तर खोली बदलून मिळते का? किती दिवसांत?

• कोणाशी बोललेलं गुप्त राहतं? अमेरिकेत समुपदेशक आणि धर्मगुरू म्हणून काम करणारी व्यक्ती साधारणपणे गुप्तता पाळते. हॉलच्या कर्मचाऱ्यांना मात्र अनेकदा लैंगिक अत्याचाराची माहिती विद्यापीठाला कळवावीच लागते.

• नियम मोडलेला असताना अत्याचाराची तक्रार केली, तर तक्रारदाराला संरक्षण आहे का? ते नियमावलीत लेखी आहे का?

या सगळ्याची उत्तरं विद्यापीठाच्या विद्यार्थी नियमावलीत मिळतात. ती वेबसाइटवर कोणालाही वाचता येते. माहितीपत्रकातले हिरवळीवर हसणाऱ्या मुलांचे फोटो बघण्याआधी ती वाचावी. विद्यापीठाची त्या वर्षीची सुरक्षा आकडेवारीही क्लेरी कायद्यामुळे उपलब्ध असते.

मग राहावं की नाही?

आई-वडिलांपासून हजारो किलोमीटर दूर गेलेल्या १८ वर्षांच्या मुलासाठी मजल्यावरच्या प्रत्येकाला आपलं नाव माहीत असणं, ही छोटी गोष्ट नाही. जेवायला आला नाही म्हणून कोणीतरी दार वाजवणं, हीसुद्धा नाही. मोठ्या विद्यापीठांच्या उंच टॉवरमध्ये शेजारच्या खोलीत कोण राहतं हे वर्षभर न कळणारी मुलंही असतात. त्या तुलनेत ख्रिस्ती विद्यापीठांचे हॉल काहीतरी खरोखर देतात, म्हणूनच दरवर्षी मुलं तिथे जातात.

पण जो दार वाजवतो, त्याला आत काय चाललं आहे हेही कळतं. काळजी आणि देखरेख इथे एकाच पॅकेजमध्ये येतात, सुटी मिळत नाहीत. ज्याला ही देवाणघेवाण पटते, त्याच्यासाठी हॉल घर होऊ शकतो. ज्याला पटत नाही, त्याने फक्त रँकिंग आणि स्कॉलरशिप बघून सही करू नये.

आणि पालकांनीही 'नियम कडक आहेत, म्हणजे मुलगी सुरक्षित आहे' असं गृहीत धरू नये. ब्रिगहॅम यंग आणि लिबर्टी, दोन्हीकडे नियम कडकच होते. मुलगी सुरक्षित असते ती काही बिघडल्यावर न घाबरता कोणाला तरी फोन करू शकते तेव्हा. त्यामुळे वरच्या यादीतला एकच प्रश्न विचारायला वेळ असेल, तर शेवटचा विचारावा.